ठोका चुकत नाही, लवकर येतो: एक्टोपिक, होल्टर आणि ॲब्लेशनचा निर्णय

काळजाचा ठोका चुकला, असं आपण बोलण्याच्या ओघात म्हणून जातो. माझा दिवसाला 18,400 वेळा चुकत होता आणि हा आकडा कळायला मला अडीच वर्षं लागली. तोवर आईच्या मते ती ॲसिडिटी होती, फॅमिली डॉक्टरांच्या मते टेन्शन, आणि मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या लेडीज डब्यातल्या माझ्या ग्रुपचं एकमुखी निदान होतं, "चाळिशी गं, दुसरं काय!" ही अडीच वर्षं कुठे वाचली असती ते आता दिसतं, म्हणून क्रमवार लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. गोळ्यांची नावं येतील ती ओळख व्हावी म्हणून, स्वतःहून घेण्यासाठी नव्हे.

इथे मी हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या जास्तीच्या ठोक्यांबद्दल लिहितेय. डॉक्टर त्यांना एक्टोपिक किंवा पीव्हीसी म्हणतात. एट्रियल फिब्रिलेशन हा वेगळा आजार. त्यात वरचे कप्पे थरथरतात, रक्ताच्या गुठळीचा आणि पक्षाघाताचा धोका असतो, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लागू शकतात, आणि त्याचं ॲब्लेशनही, म्हणजे नळीने हृदयात जाऊन बेताल जागा जाळणंही, निराळं. शेजारच्या काकांचं "ॲब्लेशन झालं" हे ऐकून आपला हिशोब मांडू नका, आधी आपलं कुठलं ते विचारा.

आधी घाईचं

चक्कर येऊन शुद्ध हरपली, विशेषतः चालताना, जिना चढताना किंवा खेळताना. छातीत दुखतंय, दम लागलाय आणि धडधड काही मिनिटांतही थांबत नाही. तर पुढचं वाचत बसू नका, 108 ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, किंवा आपल्याला पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर ठोके थोडे असले तरी थेट हृदयरोगतज्ज्ञ.

छातीत नेमकं काय होतं

हृदयाला ताल देणारी जागा उजव्या वरच्या कप्प्यात असते. कधी खालच्या कप्प्यातला पेशींचा एखादा पुंजका पाळी मोडून मध्येच ठोका देतो. तो इतका लवकर येतो की हृदय पुरतं भरलेलंच नसतं, त्यामुळे मनगटावर तो लागत नाही. मग थोडा लांब विराम. त्या विरामात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा नेहमीचाच ठोका दणकून पडतो. आपल्याला जे धस्स होतं ते त्या विरामाचं आणि त्या दणक्याचं. म्हणजे चुकल्यासारखा वाटणारा ठोका खरं तर लवकर येऊन गेलेला असतो.

हे समजलं की घरातल्या यंत्रांचे घोटाळेही उलगडतात. प्रत्येक नेहमीच्या ठोक्यानंतर एक जास्तीचा येत असेल, तर हृदय 76 वेळा हलतं आणि बोटावरचं ऑक्सिमीटर 38 दाखवतं. मी रात्री दोन वाजता नवऱ्याला उठवून तो 38 दाखवला होता. घरचं बीपी मशीनही अशा वेळी एरर देतं किंवा भलताच आकडा देतं. थोड्या थोड्या वेळाने तीनदा मोजून सरासरी धरावी. मनगटी घड्याळाचंही तेच. त्यातली ईसीजीची सोय एट्रियल फिब्रिलेशन ओळखायला उपयोगी, एक्टोपिकपुढे मात्र ते बरेचदा "निष्कर्ष नाही" म्हणून हात वर करतं.

पहिला कागद

बारा लीडचा ईसीजी, आणि तोही धडधड चालू असताना काढलेला. ज्या पट्टीत जास्तीचा ठोका बारा लीडमध्ये सापडलाय, ती जपा. ईपीवाले, म्हणजे हृदयाच्या विद्युतप्रवाहाचे तज्ज्ञ, त्या एका ठोक्याच्या आकारावरून तो हृदयाच्या कुठल्या भागातून निघतोय याचा बराच नेमका अंदाज बांधतात. पुढे ॲब्लेशन सोपं जाईल की अवघड, हे त्यावर ठरतं. ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो. मुंबईच्या दमट हवेत कपाटात ठेवलात तर दोन पावसाळ्यांत कोरा होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या. माझी पहिली पट्टी अशीच पुसली गेली.

होल्टर

सगळी गोष्ट या डबीवर उभी आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. छातीला स्टिकर लावून 24 तास किंवा त्याहून जास्त प्रत्येक ठोका नोंदायचा. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देतं. त्यातले जास्तीचे किती टक्के, याला डॉक्टर "बर्डन" म्हणतात. माझ्या 98,000 पैकी 18,400, म्हणजे जवळजवळ 19 टक्के.

पण हा आकडा माझ्या पहिल्या होल्टरमध्ये आलाच नव्हता. ऑक्टोबरचा उकाडा, घाटकोपरला चढलेली गर्दी, आणि कुर्ल्याच्या आत दोन स्टिकर सुटले. त्या लॅबने 14 तासांची नोंद 24 तासांची म्हणून दिली आणि खरखरीलाही ठोके धरून मोजलं. अहवालाची फक्त दोन पानं होती आणि पट्टी एकही नव्हती. दुसऱ्यांदा दुसरीकडे केला तो 9 टक्के आला, महिन्याभराने तिसरा 19. घोळ वाटतो, पण तसं नाही. एक्टोपिक दिवसागणिक खूप कमी-जास्त होतात. म्हणून एका होल्टरवरून खूश होऊ नका आणि एका होल्टरवरून कॅथ लॅबमध्ये, म्हणजे ॲब्लेशन करतात त्या खोलीतही, जाऊ नका. जमलं तर 48 किंवा 72 तासांचा करा.

होल्टरच्या दिवशी आधी स्वच्छ आंघोळ, मग अंगाला तेल, लोशन, पावडर काही नाही. पुरुषांनी छातीवरचे केस काढायला नकार देऊ नये. बायकांनी पुढून बटणं असलेला सैल कुर्ता घालावा आणि स्टिकरवर घासणार नाही अशी मऊ ब्रेसियर. घाम येतो म्हणून वरून चिकटपट्टी मागून घ्या. डबी काढेपर्यंत आंघोळ नाही. आणि तो दिवस आरामात घालवू नका. रोजचीच लोकल, रोजचाच जिना, रोजचंच जेवण, नाहीतर मोजलं काय?

सोबत डायरी देतात ती प्रामाणिकपणे भरा. माझ्यातल्या नोंदी: "8.40 घाटकोपर, धस्स"; "1.30 डबा खाऊन बसले, तीन-चार", "11.15 डाव्या कुशीवर, सलग". डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं, त्यामुळे ठोके जास्त जाणवतात. जाणवणं वेगळं आणि असणं वेगळं. माझ्या अहवालात सगळ्यात जास्त ठोके सकाळी अकराला होते, ऑफिसात फायलींत डोकं खुपसलेलं असताना, आणि त्या वेळची डायरी कोरी.

अहवालात पाच गोष्टी शोधा: एकूण ठोके, त्यात जास्तीचे किती, सलग तीन किंवा जास्त आले का, सगळे एकाच आकाराचे आहेत की वेगवेगळ्या, आणि दिवसा जास्त की रात्री. एकाच आकाराचे म्हणजे एकाच जागेहून येणारे, आणि ॲब्लेशनला तेच सोपे.

बाकीच्या तपासण्या

टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन बघतात, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो. 55 ते 65 च्या आसपास ठीक. एकोच्या वेळी सलग एक्टोपिक चालू असतील तर हा आकडा चुकू शकतो. करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम. बायकांनी पहिली दोन अजिबात टाळू नयेत. मैत्रिणींची "चाळिशी" थोडी खरी निघाली ती इथे: माझं हिमोग्लोबिन 9.2 होतं.

स्ट्रेस टेस्टमध्ये पळताना ठोके नाहीसे झाले तर सहसा दिलासा, पळताना वाढले तर पुढचा शोध. काहींना गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देऊन हृदयाचा एमआरआय सांगतात, स्नायूत कुठे व्रण किंवा सूज आहे का ते बघायला. आपल्याकडे सार्कॉइड नावाच्या आजारामुळे किंवा क्षयरोगामुळे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज डॉक्टर मनात ठेवतात. ती असेल तर आधी तिच्यावर औषध, नुसतं जाळून भागत नाही.

आकडा हातात आल्यावर

ढोबळ मानाने: एक टक्क्याच्या आत, एको चांगला, त्रास नाही, तर बहुधा काहीच करायचं नाही. दहा टक्क्यांच्या पुढे डॉक्टर लक्ष ठेवतात, वर्षातून एकदा होल्टर आणि एको. वीसच्या आसपास आणि पुढे काही जणांचं हृदय या अखंड बेतालपणाने थकतं, डावा कप्पा सैलावतो. सगळ्यांचं होत नाही. कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर एको परत परत करायचा. चांगली बाजू अशी की फक्त ठोक्यांमुळे कमी झालेलं पंपिंग ठोके गेल्यावर काही महिन्यांत बहुतेकदा परत येतं. माझं वर्षभरात 60 वरून 50 वर आलं होतं, आणि माझ्या निर्णयात 19 टक्क्यांपेक्षा या 50 चं वजन जास्त होतं.

चहा, झोप आणि गोळ्या

पहिला सल्ला नेहमी चहा सोडण्याचा मिळतो. मी दोन आठवडे कटिंगसुद्धा घेतला नाही. ठोक्यांत काही फरक पडला नाही, चिडचिड मात्र वाढली. तुमचं वेगळं असू शकतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बंद करा, दोन आठवडे बघा, वहीत लिहा. माझ्या वहीत जी दोन नावं परत परत येत होती ती म्हणजे अपुरी झोप आणि उशिराचं जड जेवण. दारूने अनेकांचे वाढतात. सर्दीच्या गोळ्यांतली नाक मोकळं करणारी औषधं आणि दम्याचे काही पंपसुद्धा ठोके वाढवतात; पंप स्वतःहून बंद करायचा नाही, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. मॅग्नेशियमच्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नका, किडनीचा त्रास असेल तर मुळीच नाही.

औषधांत पहिली पायरी मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलसारख्या गोळ्यांची, किंवा काहींना व्हेरापामिल. ठोक्यांची जाणीव यांनी कमी होते, संख्या मात्र प्रत्येकाची कमी होतेच असं नाही. मी तीन महिने मेटोप्रोलॉल घेतली. सकाळी पूल चढताना पाय जड व्हायचे आणि होल्टर 17 टक्के. फ्लेकेनाइड जास्त परिणामकारक आहे, पण ती फक्त हृदयाची रचना धडधाकट असलेल्यांसाठी. 1989 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना ही दिली, तेव्हा ठोके कमी झाले आणि मृत्यू वाढले. ठोके कमी होणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे तेव्हा वैद्यकाला कळलं. ॲमिओडारोन हे आणखी एक औषध सुरू करताना थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांच्या तपासण्यांचं वेळापत्रक मागून घ्या.

ॲब्लेशन कुणी करावं

माझा हिशोब असा होता: त्रास आहे का, किंवा पंपिंग घसरतंय का? यातलं एक तरी हवं. बर्डन बरंच आहे का? एकाच जागेचे आहेत का? ती जागा गाठता येण्यासारखी आहे का? उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुसाकडे रक्त जातं त्या तोंडाशी असलेले ठोके सगळ्यात जास्त आढळतात. तिथले दहापैकी आठ-नऊ जणांचे पहिल्याच प्रयत्नात जातात, त्यामुळे अशा रुग्णांना आता गोळ्यांच्या आधीही ॲब्लेशन सुचवतात. डाव्या कप्प्यातल्या झडपा धरून ठेवणाऱ्या स्नायूंवरचे किंवा हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागाजवळचे अवघड. तिथे "बघू, प्रयत्न करू" ही भाषा ऐकू आली तर ती प्रामाणिक समजा.

फक्त भीती जावी म्हणून दोन टक्क्यांना ॲब्लेशन करू नये, असं माझं मत. भीतीवर दुसरे इलाज आहेत आणि तेही खरे इलाज आहेत.

गंभीर गुंतागुंत साधारण शंभरात दोन-तीन जणांना होते: हृदयाभोवती रक्त साचणं, जांघेतल्या रक्तवाहिनीला इजा, नैसर्गिक विद्युतमार्गाला धक्का लागून पेसमेकर लागणं, डाव्या बाजूला काम असेल तर पक्षाघात. जांघेत काळंनिळं होणं मात्र नेहमीचंच. हे सगळं संमतीपत्रावर असतं. सही करायच्या आदल्या रात्री नव्हे, पंधरा दिवस आधी वाचायला मागा.

डॉक्टरांना मी कागदावर लिहून विचारलं: ईसीजीवरून जागा कुठली वाटते? तिच्याजवळ विद्युतमार्ग किंवा हृदयाची धमनी आहे का? अशी ॲब्लेशन तुम्ही वर्षात किती करता? थ्रीडी मॅपिंग, म्हणजे ठोक्याची जागा शोधणारा नकाशा, असेल ना? त्या दिवशी ठोके आलेच नाहीत तर काय कराल? हा शेवटचा प्रश्न मी उगाच विचारला असं तेव्हा वाटलं होतं.

पैसे

खासगीत अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात कॅथेटर (हृदयात घालायच्या नळ्या), मॅपिंगचं साहित्य, खोली, भूलतज्ज्ञ वेगवेगळं लिहून मागा. नुसत्या "पॅकेज"मध्ये कॅथेटर बाहेर राहतात आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांचाच असतो. विम्यात खोलीभाड्याची मर्यादा तपासा. महागडी खोली घेतली की बाकीची बिलंही त्याच प्रमाणात कापतात. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ 2024 च्या नियमांनंतर जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. होल्टर करून मग घाईने पॉलिसी काढली आणि आजार लपवला तर दावा अडतो.

परळचं केईएम, सायन, नायर, जेजे इथे हृदयरोग विभाग आहेत. रांग आहे आणि तारखेला वेळ लागतो, पण रोज इतके रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरांची नजर तयार असते. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली प्रक्रिया बसते का ते भरती होण्याआधी विचारा. सिद्धिविनायक मंदिर न्यासही वैद्यकीय मदत देतो. अर्जाला डॉक्टरांचं अंदाजपत्रक लागतं.

तो दिवस

ठोके कमी करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी बंद करतात, कारण त्या दिवशी ठोके हवे असतात. कधी बंद करायच्या ते डॉक्टरच सांगतील. पोट सहा तास रिकामं. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा गरोदर असल्याची शंका असेल, तर आठवडाभर आधी सांगा. पिशवीत पुढून उघडणारा गाऊन, लांब वायरचा चार्जर आणि एक स्ट्रॉ. स्ट्रॉ का ते पुढे कळेल.

भूल जांघेपुरती, वर थोडीशी गुंगी. जास्त गुंगी दिली की एक्टोपिक झोपतात. माझे गुंगी नसतानाच झोपले. टेबलावर पडले, छातीला पाठीला पट्ट्या लागल्या, आणि अठरा हजारांची फौज एका रात्रीत पसार! पाऊण तास पडद्यावर सरळ, देखणी लय. डॉक्टरांनी आयसोप्रेनालिनचं सलाईन लावून ठोके 130 पर्यंत नेले, मग बंद केलं. हृदय खाली उतरत असताना ते आले, एकामागून एक. मला टेबलावर हसू फुटलं.

जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात जाते. नळीचं टोक आतल्या भिंतीला लावून कुठल्या ठिकाणी जास्तीचा ठोका सगळ्यात आधी उमटतो ते शोधतात, पडद्यावर रंगीत नकाशा तयार होतो. शोधणं हेच मोठं काम. जाळणं म्हणजे रेडिओ लहरींनी काही मिलिमीटरचा ठिपका 50 अंशांच्या वर तापवणं. छातीत ऊब आणि हलकं दुखणं जाणवतं. योग्य जागी लागलं की ठोके आधी भराभर येतात आणि मग थांबतात. त्यानंतर अर्धा तास नुसतं वाट बघणं, परत येतात का म्हणून.

मग सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं. पाणी स्ट्रॉने. बेडपॅनबद्दल कुणी आधी सांगत नाही. आदल्या दिवशी मनाची तयारी करा.

घरी आल्यावर

आठवडाभर पाण्याची बादली, भाजीची जड पिशवी, दुचाकी नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर थांबत थांबत चढले आणि दोन दिवस खाली उतरले नाही. लोकलची गर्दी दहा दिवस टाळली. जांघेतून रक्त आलं किंवा गाठ फुगली तर आडवं होऊन घट्ट दाबून धरा आणि फोन करा. ताप, वाढता दम, छातीत दुखणं, हातापायात अचानक कमजोरी किंवा बोलण्यात अडखळणं, यापैकी काही झालं तर लगेच परत.

पाचव्या दिवशी मला धस्स झालं. मी रडले. फोनवर डॉक्टर म्हणाले, "ताई, जखम ताजी आहे, काही आठवडे असे येतील. मोजू नका." ऑक्सिमीटर नवऱ्याने जाऊबाईंकडे नेऊन दिलं, घड्याळ माळ्यावर गेलं. ज्यांचे खरोखर परत येतात त्यांना दुसऱ्यांदा ॲब्लेशन करता येतं. पहिल्या वेळचा नकाशा तेव्हा कामी येतो, म्हणून डिस्चार्ज कार्डावर नेमकी जागा आणि किती वेळ जाळलं ते लिहून घ्या.

तिसऱ्या महिन्यात होल्टर: 99,000 पैकी 310. एको 58. डबी काढताना टेक्निशियनने डायरी मागितली. तिच्यात दोनच नोंदी होत्या. एक घाटकोपरची, गर्दीची. दुसरी रात्री नऊची, लेकीचा फोन तीन तास लागत नव्हता तेव्हाची, "ठोका चुकला" अशी. त्या वेळच्या पट्टीवर एकही एक्टोपिक नव्हता.